गॅस लीकेजसाठी प्लंबर बोलावला, ४,२०० रुपये घेतले आणि एका गळतीच्या दोन करून गेला

सर्व्हिस देणारा: आमच्या भागातला एक प्लंबर, जाहिरातीत "२४ तास इमर्जन्सी, नळ, गिझर, मोटर, गॅस लीकेज" असं लिहिलेलं. ठिकाण कोथरूड, पुणे. पाचपैकी १. नाव टाकत नाहीये कारण पैसे परत मिळावेत म्हणून तक्रार दिलीये आणि तिचं अजून काही झालेलं नाही, पण घडलं ते सगळं लिहिते कारण आमच्या सोसायटीत मी नंतर विचारलं तर निम्म्या बायकांनी सांगितलं की गॅसचा वास आला असता तर आम्हीपण आधी प्लंबरलाच फोन केला असता.

आधी घराचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंग जुनी, पाइपचा गॅस २०१६ ला आला. मीटर ड्राय बाल्कनीत आहे, तिथून पाइप भिंतीतल्या होलमधून किचनमधे येतो, ओट्याखाली एक कॉक आणि त्या कॉकपासून शेगडीपर्यंत रबरी नळी. दोन वर्षांपूर्वी किचनला ट्रॉल्या करून घेतल्या तेव्हा पाइप दिसायला नको म्हणून सुताराने मागे प्लायची फळी ठोकून सगळं झाकून टाकलं. मला तेव्हा फार आवडलं होतं, एकदम नीटनेटकं दिसत होतं. ही फळी पुढे परत येणारे.

शनिवार होता, रात्रीचे साडेआठ. मिस्टर कामासाठी नागपूरला गेलेले, घरात मी, बारावीतली मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंचं वय ७८, कानाला कमी ऐकू येतं पण नाक आमच्या सगळ्यांपेक्षा तिखट. त्या म्हणाल्या अगं कायतरी कुजलंय, कोबी बघ बरं. मी भाजीची टोपली उपसली, डस्टबिन बाहेर ठेवला, सिंकची जाळी धुतली, आणि मग ओट्याखालची ट्रॉली ओढली तर भपकाराच आला. गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम गंधकाचं घाण वासाचं रसायन मिसळतात आणि तो वास खरंच सडक्या कोबीसारखा किंवा अंड्यासारखा येतो, म्हणजे सासूबाई बरोबर होत्या, मीच दहा मिनिटं भाज्या हुंगत बसले.

शेगडीची बटणं बघितली, सगळी बंद. खिडकी उघडली. आणि इथे माझी पहिली चूक झाली ती म्हणजे मला सुचलंच नाही की गॅस कंपनीचा स्वतःचा इमर्जन्सी नंबर असतो. पाइप गळतोय म्हटल्यावर डोक्यात एकच शब्द आला, प्लंबर. वीस वर्षं संसार केला, पाइप गळला की प्लंबर हे इतकं पक्कं बसलंय की पाण्याचा पाइप वेगळा आणि गॅसचा वेगळा हा विचार मनात आलाच नाही.

मुलीने मोबाइलवर शोधलं, सगळ्यात वर याचंच नाव, ४.७ रेटिंग, शंभराच्या वर रिव्ह्यू, खाली "गॅस लीकेज ३० मिनिटांत घरपोच सेवा". लगेच फोन केला. (ते रिव्ह्यू मी दुसऱ्या दिवशी नीट वाचले, सगळे गिझरचे, बेसिनचे, टाकी ओव्हरफ्लोचे, गॅसच्या कामाचा एकसुद्धा नाही. तुम्ही रेटिंग बघताना आकडा बघू नका, तुम्हाला हवंय तेच काम त्याने कुणाकडे केलंय का ते शोधा.)

फोनवर त्याने पहिलं विचारलं काय तर टाकी सोसायटीची का तुमची स्वतंत्र, प्रेशर पंप आहे का. मी म्हटलं दादा पाण्याचं नाहीये, गॅसचा वास येतोय घरात. "हो हो मॅडम, गॅसचं पण करतो ना, व्हिजिटचे ५०० पडतील, लोकेशन पाठवा." बास. मीटरजवळचा कॉक बंद केलाय का, घरात किती माणसं आहेत, खिडक्या उघड्या आहेत का, यातलं एक अक्षर नाही. तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही. तीन तासांनी गॅस कंपनीच्या मुलीशी बोलले तेव्हा खटकलं, ते पुढे लिहिते.

तीस मिनिटांत येणार होता तो दहाला पाच कमी असताना आला, म्हणजे फोन केल्यापासून सव्वा तास तरी झाला असेल. त्या वेळात सासूबाई पुढचं दार सताड उघडून दारातच खुर्ची टाकून बसल्या, कुणी येऊन बेल दाबू नये म्हणून. सिलिंडरच्या काळात एजन्सीच्या मेकॅनिकने कधीतरी त्यांना सांगितलं होतं की बेलच्या बटणातसुद्धा ठिणगी पडते, ते त्यांनी चाळीस वर्षं लक्षात ठेवलं. वरच्या मजल्यावरच्या काकांना, कचरा न्यायला आलेल्या पोराला, सगळ्यांना त्या लांबूनच हात करून थांबवत होत्या. दोनदा म्हणाल्या की मीटरपाशी काहीतरी बंद करायचं असतं ना गं, आणि मी दोनदा म्हटलं की आई आता येईलच तो, उगाच आपण हात नको लावायला. ही दुसरी चूक, आणि ही पहिलीपेक्षा मोठी, कारण तो सव्वा तास गॅस गळत होता आणि बंद करायचा कॉक माझ्यापासून आठ फुटांवर होता.

तो आला, बरोबर सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा हाताखाली. किचनमधे शिरल्या शिरल्या म्हणाला एवढा अंधार का ठेवलाय आणि मी तोंड उघडायच्या आत ट्यूब लावली, आणि पाठोपाठ एक्झॉस्ट फॅन. माझ्या पोटात गोळाच आला. घरात गॅस साठलेला असताना कुठलंच बटण दाबायचं नसतं, चालू पण नाही आणि बंद पण नाही, हे गॅस कनेक्शन आलं तेव्हा दिलेल्या कागदावर पण लिहिलेलं आहे आणि शाळेतल्या पोरांनापण माहिती असतं. हवेत हा गॅस साधारण ५ ते १५ टक्के मिसळला की एक ठिणगी पुरते. आमचं नशीब की खिडकी तासभर उघडी होती.

मी ओरडले तर म्हणतो, "मॅडम घाबरू नका, रोजचं काम आहे." आणि मग त्याने खिशातून सिगरेटचा लायटर काढला.

खरं सांगते, हे लिहितानासुद्धा हात गार पडतात. ओट्याखाली वाकून लायटर धरून म्हणतो ज्योत धरली की लगेच कळतं कुठून येतंय. मी त्याचा हातच धरला. सासूबाई दारातून उठून आल्या आणि ज्या आवाजात ओरडल्या तो आवाज मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला, "ए बाबा, ते आधी खिशात घाल! घरात लेकरू आहे!" तेव्हा त्याने ठेवला, तेही हसत, बायका किती घाबरतात अशा अर्थाने त्या पोराकडे बघत. गळती शोधायची साधी पद्धत म्हणजे साबणाचं पाणी, सांध्यावर लावलं की गळत असेल तिथे फुगे येतात, ही माहिती प्लंबरला मी द्यायची? शेवटी मीच वाटीत भांड्याच्या साबणाचं पाणी करून दिलं आणि जुना ब्रश दिला, कारण त्याच्या पिशवीत असलं काही नव्हतंच.

मग त्याने मीटरच्या नटावर फेस लावला. ओट्याखाली लावला का? नाही. मी म्हटलं अहो वास ओट्याखालून येतोय, ट्रॉली काढून मागे बघा, तर म्हणाला ट्रॉली काढणं सुताराचं काम, मी हात लावला आणि चॅनल खराब झालं तर तुम्ही मलाच बोलणार. मीटरच्या नटावर दोन-चार बुडबुडे दिसले, जे ब्रशने फेस करताना कुठेही दिसतीलच, आणि त्याने लगेच जाहीर केलं की हाच जॉइंट गेलाय. तिथे कंपनीचं तारेचं सील होतं ते पकडीने तोडलं, मोठा पाइप पाना लावला आणि नट फिरवला. सुस्स करून आवाज आला. कॉक अर्धवटच बंद केला होता त्याने! मग घाईघाईत कॉक आडवा केला, त्या पोराला दोन शिव्या घातल्या (त्याचा काय संबंध), आणि नळाला गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप दहा-बारा वेढे गुंडाळून नट परत आवळला. वरून एमसील मळून थापलं. मी विचारलं गॅसला हे चालतं का, तर उत्तर आलं, "मॅडम, पाइप तो पाइप. दहा वर्षं बघायला नको."

काम झालं म्हणाला. मी म्हटलं आता परत साबण लावून दाखवा. तर म्हणे शेगडी पेटवून बघा, पेटतीये ना, मग झालं. अहो शेगडी पेटते म्हणजे गॅस येतोय एवढंच कळतं, गळत नाहीये हे कसं कळणार? पण त्या क्षणी मला हे वाक्य सुचलं नाही. रात्रीचे अकरा वाजत आलेले, डोकं चालत नव्हतं, मला फक्त तो गेलेला हवा होता.

बिल. व्हिजिटिंग कार्डाच्या मागे पेनाने लिहून दिलं: व्हिजिट ५००, रात्रीचा इमर्जन्सी चार्ज १,०००, जॉइंट रिपेअर १,८००, मटेरियल ९००, एकूण ४,२००. मटेरियल म्हणजे टेफ्लॉनची एक रीळ, जी कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात वीस-तीस रुपयाला मिळते, आणि एमसीलची एक छोटी पुडी. पावती मागितली तर म्हणाला उद्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, जी आजपर्यंत आली नाही. मी यूपीआयने पैसे दिले. आणि आता विचार करते तर तो यूपीआयचा रेकॉर्ड आणि कार्डामागचा हिशोब एवढाच माझ्याकडे पुरावा आहे, कॅश दिली असती तर तेवढंपण नसतं.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी. जाताना तो जिना उतरायला लागला तेव्हा हाताखालचा मुलगा चप्पल घालायच्या निमित्ताने मागे राहिला आणि हळूच म्हणाला, "काकू, उद्या एकदा कंपनीवाल्यांना दाखवून घ्या." एवढंच म्हणून पळाला. त्या पोराबद्दल माझी काही तक्रार नाही, उलट त्या रात्री आमच्या घरात आलेल्या दोघांपैकी खरं बोलणारा तो एकटाच होता.

त्याच्या त्या वाक्याने मला झोप येईना. सासूबाई म्हणाल्या वास आहेच अजून. फोन केला तर प्लंबर म्हणाला वास थोडा राहणारच, भिंतीत मुरलेला असतो, सकाळपर्यंत जाईल. परत केला तर म्हणे उद्या बघू. तिसऱ्यांदा उचललाच नाही.

मग मुलीने डोकं चालवलं. म्हणाली आई, सगळं बंद असताना मीटर फिरायला नको ना? आम्ही दोघी बाल्कनीत गेलो, ट्यूब त्याने लावलेली होतीच आणि ती बंद करायचीपण मला भीती वाटत होती, त्या उजेडात मीटर वाचलं. मीटरवर शेवटचे तीन आकडे लाल चौकटीत असतात, ते लिटरचे. कालनिर्णयच्या कडेला पेन्सिलीने लिहिलं, ११ वाजून ५ मिनिटं, ४१२. शेगडी बंद, काहीही चालू नाही. अर्ध्या तासाने परत पाहिलं तर ४३१. म्हणजे ४,२०० रुपये देऊन दुरुस्त केलेल्या पाइपातून अर्ध्या तासात १९ लिटर गॅस घरात सुटला होता. पाइपचा गॅस असेल त्या प्रत्येकाने ही गोष्ट एकदा करून बघावी, काही लागत नाही, पेन्सिल लागते. (आम्ही अर्धा तास थांबलो ते मात्र करू नका, वास येत असेल तर आधी कॉकच बंद करायचा, आकडे नंतर.)

तेव्हा कुठे मी कॉक बंद केला. दांडी पाइपच्या रेषेत असली की चालू, पाइपला आडवी केली की बंद, एवढं सोपं. आणि तो बंद करायला वाकले तर मीटरवरच, फरशी पुसायच्या बादलीमागे, धुळीने भरलेला गॅस कंपनीचा स्टिकर, त्यावर २४ तास इमर्जन्सी नंबर. दर बिलावरपण तो छापलेला असतो. आठ वर्षं बिलं भरतेय, रक्कम आणि शेवटची तारीख सोडून मी त्या कागदावरचं काही वाचलंच नव्हतं.

जिन्यात जाऊन फोन लावला. एका मुलीने उचलला आणि आता ऐका तिने काय काय विचारलं. मॅडम तुम्ही आत्ता घराच्या आत आहात का बाहेर? मीटरचा कॉक बंद केलात का, नसेल तर कसा करायचा सांगते. खिडक्या-दारं उघडी आहेत का? लाइटचं कुठलंही बटण दाबू नका, घरात वयस्कर किंवा लहान कुणी असेल तर त्यांना घेऊन बाहेर थांबा. आणि मग पत्ता आणि ग्राहक क्रमांक. पैशाचा विषयच नाही. मला तिथे जिन्यातच रडू आलं, कारण हेच चार प्रश्न साडेआठला कुणी विचारले असते तर आम्ही तिघी तीन तास त्या घरात बसलो नसतो.

पंचवीस मिनिटांत बाइकवर दोघं आले. बेल वाजवली नाही, दार उघडं असूनही बाहेरूनच हाक मारली, "काकू, गॅसवाले आलोय." एकाच्या हातात मोबाइलएवढं डिटेक्टर मशीन, ते घेऊन तो दारापासून हळूहळू आत गेला. किचनमधे ते वाजायला लागलं. सगळ्यात जास्त कुठे वाजलं माहितीये, वर, माळ्याचं दार उघडल्यावर. त्याने समजावून सांगितलं की पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका असतो, वर चढतो आणि माळ्यात, छताच्या कोपऱ्यात अडकतो, म्हणून खालची खिडकी उघडली तरी वरची झडप आणि माळ्याची दारं उघडायला पाहिजेत. सिलिंडरचा गॅस याच्या उलट, हवेपेक्षा जड, खाली फरशीलगत साचतो. मी खाली वाकून वास घेत होते आणि डोक्यावर माळा भरत होता.

ट्रॉली त्याने दोन मिनिटांत बाहेर काढली, चॅनलला दोन खटके असतात ते दाबले की निघते, सुतार वगैरे काही लागला नाही. मागची फळी काढली. नळी दिसली. ट्रॉलीचा मागचा कोपरा दोन वर्षं उघडझाप करताना तिच्यावर घासत होता आणि तिथे बोटभर चीर पडली होती. टॉर्च मारून नळीवर छापलेली तारीख दाखवली, २०१६. ही नळी पाच वर्षांनी बदलायची असते, आमची कधीच बदललेली नाही आणि फळीमागे असल्यामुळे कुणाला दिसलीच नाही. तर ही होती खरी गळती, जिच्या जवळपासही प्लंबर गेला नाही.

आणि मग बाल्कनीत मीटरपाशी मशीन परत वाजलं. त्याने एमसीलचा गोळा बघितला आणि गप्पच झाला. मग विचारलं, "हे कुणी केलं काकू? हे आमचं काम नाही." पान्याने नट चुकीचा आवळल्यामुळे आतलं वॉशर चेपलं होतं आणि टेपच्या वेढ्यांमधून गॅस येत होता. म्हणजे संध्याकाळी माझ्या घरात एक गळती होती, प्लंबर येऊन गेल्यावर दोन झाल्या. साबणाचं पाणी त्याने दुसऱ्यांदा लावलं असतं तरी तिथल्या तिथे दिसलं असतं.

दुरुस्ती करायला त्यांना तासभर लागला, त्यातला अर्धा वेळ एमसील खरवडण्यात. वॉशर बदललं, नवीन नळी टाकली, दोन्ही टोकांना क्लिपा, मग प्रेशरचं मीटर जोडून दहा मिनिटं नुसते बघत बसले काटा उतरतोय का. नाही उतरला. मग साबण, मग परत डिटेक्टर, आणि सगळ्यात शेवटी शेगडी पेटवून ज्योत निळी येते का ते पाहिलं. प्लंबरने जे पहिलं आणि एकमेव केलं ते यांनी शेवटी केलं. रात्री दीड वाजता कागदावर सही घेऊन गेले. चहा विचारला तर म्हणाले अजून एक कॉल आहे. जागेवर एक रुपया घेतला नाही, नळीचे आणि वॉशरचे पैसे पुढच्या बिलात लागून आले, ते त्या ४,२०० च्या जवळपाससुद्धा नव्हते. कागदावर मात्र त्यांनी लिहिलं की बाहेरच्या माणसाने सील तोडलेलं आढळलं, आणि मला स्पष्ट सांगितलं की मीटर आणि पाइपला कंपनीच्या माणसाशिवाय कुणी हात लावायचा नाही, परत असं दिसलं तर कनेक्शन बंद होऊ शकतं. मला वाईट वाटलं पण त्यांचं बरोबरच आहे. ती फळीपण नको म्हणाले, पाइप झाकायचाच असेल तर जाळी हवी, गळला तर गॅस बाहेर पडायला वाट पाहिजे.

सोमवारी प्लंबरला फोन करून शांतपणे सगळं सांगितलं आणि पैसे परत मागितले. उत्तर असं की मी टाइम दिला, मेहनत केली, तुमची नळी जुनी होती त्यात माझी काय चूक. मी म्हटलं नळी तुम्ही बघितलीच नाहीत आणि चांगला जॉइंट बिघडवून गेलात. तर म्हणे ठीक आहे ५०० कमी करतो, नवीन कामात अ‍ॅडजस्ट करू. नवीन कामात! त्यानंतर माझा नंबर ब्लॉक केला. लायटरबद्दल विचारलं तेव्हा तर तो चिडलाच, म्हणाला वीस वर्षं असंच करतोय, काही झालं नाही. याच वाक्यामुळे मी हे सगळं लिहायला बसले. पैसे बुडाले तर बुडाले, पण हा माणूस उद्या रात्री दुसऱ्या कुणाच्या ओट्याखाली लायटर घेऊन वाकणार आहे आणि त्या घरात दारात खुर्ची टाकून बसणारी सासू असेलच असं नाही.

नळाचं, गिझरचं काम तो चांगलं करत असेल, मला माहीत नाही, मी करून घेतलेलं नाही आणि त्याबद्दल वाईट लिहिणार नाही. पण येत नसलेलं काम, तेही गॅसचं, जाहिरातीत टाकून पैसे घेणं हे मला माफ करता येत नाही. फोनवर "ताई, गॅसचं काम माझं नाही, कंपनीला फोन करा" एवढं एक वाक्य बोलला असता तर मी त्याला जन्मभर आमच्या सगळ्या नळांची कामं दिली असती.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवलीये, फोनवर मराठीत बोलता आलं. यूपीआयचा स्क्रीनशॉट, कार्डामागचा हिशोब आणि गॅस कंपनीचा सही केलेला कागद, तिन्ही जोडलेत. नाहीच काही झालं तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. मिस्टर म्हणतात ४,२०० साठी कशाला एवढं, मी म्हटलं ४,२०० साठी नाहीच.

माझी बहीण कराडला असते, तिच्याकडे सिलिंडर. हे ऐकल्यावर तिनेही सांगितलं की आमच्याकडे वास आला तर शेजारच्या दुकानातल्या शेगडी रिपेअरवाल्याला बोलावतो. तिला म्हटलं रेग्युलेटर बंद करायचा, सिलिंडरला टोपी लावायची, दारं-खिडक्या उघडून बाहेर यायचं आणि १९०६ ला फोन करायचा, तो सिलिंडरच्या गळतीचाच नंबर आहे, दिवसरात्र चालतो. तिला हा नंबर माहितीच नव्हता, आणि घरात गॅस येऊन तिला तीस वर्षं झाली.

आता आमच्याकडे फळीच्या जागी जाळी आहे. मीटरसमोरची बादली हलवली. आणि किचनच्या दाराच्या आतल्या बाजूला सासूबाईंनी स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरात कंपनीचा नंबर लिहून ठेवलाय, त्याखाली "दांडी आडवी करणे". प्लंबरची जाहिरात आज सकाळी परत बघितली, "गॅस लीकेज ३० मिनिटांत" अजून तसंच आहे. तक्रारीचं काही झालं, पैसे आले किंवा नाही आले, तर इथेच लिहीन.